मेलेल्या जंतूंचे विष आणि तुमचे लिव्हर

"डॉक्टर, दारूने लिव्हर खराब होते हे समजले, पण त्यात पोटातल्या जंतूंचा काय संबंध?" कळमेश्वरच्या माझ्या ओपीडीत हा प्रश्न अनेकदा येतो. उत्तर समजायला थोडा इतिहास पाहू.

१८९२ साली बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांचे सहकारी रिचर्ड फायफर यांनी कॉलऱ्याचे जंतू उष्णतेने मारले आणि ते गिनीपिगना टोचले. जंतू मेलेले होते, तरी प्राणी दगावले. म्हणजे विष जंतूच्या शरीरातच होते. त्याला एंडोटॉक्सिन, म्हणजे 'आतले विष', असे नाव मिळाले. हेच फायफर १८९७ मध्ये प्लेगच्या अभ्यासासाठी जर्मन आयोगासोबत आपल्या मुंबईत आले होते.

हे विष फक्त कॉलऱ्याच्या जंतूत नसते. आपल्या आतड्यात नेहमी राहणाऱ्या अनेक जिवाणूंच्या आवरणातही ते असते आणि जिवाणू मेले की सुटते. आतड्याचे अस्तर त्यातले बहुतेक अडवते. जे थोडे निसटते ते पोर्टल शिरेतून थेट लिव्हरमध्ये जाते. तिथे कुफर पेशी पहारेकऱ्यासारख्या ते गिळून टाकतात. तुम्हाला काही कळतही नाही.

१९६४ मध्ये अमेरिकेत सेल्विन ब्रॉइटमन आणि सहकाऱ्यांनी उंदरांना कोलीन हा पोषक घटक नसलेला आहार दिला. अशा आहाराने उंदरांना सिरोसिस होतो. निओमायसिन दिल्यावर मात्र लिव्हर वाचले. मग निओमायसिनसोबत पाण्यातून एंडोटॉक्सिन दिले, तर ते संरक्षण नाहीसे झाले. आतड्यातले विष लिव्हरच्या आजाराला हातभार लावते, हे त्यातून दिसले.

पुढे १९९८ मध्ये ब्रूस ब्यूटलर यांच्या गटाने हे विष ओळखणारा पेशींवरचा ग्राहक, टीएलआर-४, शोधला. २०११ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. लिव्हरमध्ये व्रणाचे तंतू विणणाऱ्या तारकापेशींवरही हा ग्राहक असतो, आणि तो नसलेल्या उंदरांत व्रण कमी होतो, हे २००७ मध्ये दिसले.

आता तुमच्याकडे येऊ. दारूने आतड्याचे अस्तर सैल होते, विष जास्त झिरपते. कुफर पेशी चवताळतात, सूज येते. सूज वर्षानुवर्षे राहिली की तंतू वाढतात आणि शेवटी सिरोसिस होतो. फॅटी लिव्हरमध्येही अशीच साखळी असू शकते.

"मग अँटिबायोटिक घेऊन जंतूच मारून टाकू का?" नाही. त्यातले बरेच जिवाणू आपल्या उपयोगाचे आहेत. सिरोसिसच्या काही रुग्णांना आम्ही रिफॅक्सिमिन किंवा लॅक्ट्युलोज देतो, पण ते तपासून, ठरावीक कारणासाठी. 'लिव्हर साफ' करणारी चूर्णेही मनाने घेऊ नका.

दारू पूर्ण बंद करा, वजन आणि साखर ताब्यात ठेवा. सुरुवातीचा व्रण मागे हटू शकतो. पोटात पाणी, कावीळ, काळी शौच, रक्ताची उलटी किंवा बरळणे दिसले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.