बाष्पित्रातील जलपातळीचे नियंत्रण

बाष्पित्रातील पाणी किमान पातळीखाली गेल्यास आगीलगतचे पत्रे व नळ्या अतितप्त होऊन त्यांचे बल घटते आणि स्फोट संभवतो. त्यामुळे पातळी आपोआप राखण्याचे प्रयत्न बरेच जुने आहेत. इंग्लंडमध्ये जेम्स ब्रिंडली (१७५८) व रशियात बार्नाऊल येथे इव्हान पोल्झुनॉव्ह (१७६५) यांनी तरंगत्या गोळ्याने पाण्याची झडप चालविण्याची योजना केली. १८०३ मध्ये ग्रिनिच येथे बाष्पित्र फुटल्यावर रिचर्ड ट्रेव्हिथिक यांनी पाणी ओसरताच वितळणारी शिशाची गुडदी वापरात आणली.

विद्युत् नियंत्रणात क्षारयुक्त पाण्याच्या संवाहकतेचा उपयोग करतात. निरनिराळ्या लांबीची विद्युत् अग्रे पाण्यात सोडलेली असतात. पातळी उतरून एखादे अग्र उघडे पडले की, मंडल खंडित होऊन पंप सुरू होतो. सर्वांत लांब अग्र उघडे पडल्यास ज्वालक बंद होतो. मोठ्या बाष्पित्रांत वाफेची मागणी एकाएकी वाढल्यास बुडबुडे फुगून पातळी चढल्याचा आभास होतो. म्हणून तेथे वाफेचा व पाण्याचा प्रवाहही मोजतात. अग्राच्या निरोधकावर ओला मळ साचल्यास पाणी नसतानाही मंडल पूर्ण राहू शकते. यास्तव स्वयंचलित योजना असली, तरी काचनळीची पाहणी व नियमित चाचणी अपरिहार्य ठरते.