तळटीप : माहुलीवरचे मोगल ठाणे

मूळ मजकुरात शिवाजी महाराजांचे पेशवे मोरोपंत यांनी ‘माहुली जिंकली’ एवढेच आहे. ते खरे असले तरी अपुरे आहे. १६६५ च्या पुरंदर तहात मोगलांना दिलेल्या २३ किल्ल्यांपैकी शहापूरजवळचा हा एक. परमुलखातले ठाणे उठते ते बहुधा पाठबळ आटल्यावर, असे आमचे मत. १६७० च्या फेब्रुवारीत मराठ्यांचा पहिला हल्ला किल्लेदार मनोहरदास गौडाने परतवला, आणि त्यानंतर त्यानेच किल्लेदारी सोडली! हरलेला माणूस हटतो हे समजते. जिंकलेला का हटावा? कल्याण-भिवंडी मराठ्यांकडे गेली होती. जुन्नरहून कुमक यायची तर नाणेघाट उतरून मुरबाडवरून, म्हणजे अडवायला सोप्या वाटेने. वर दख्खनेत शहजादा मुअज्जम आणि दिलेरखान एकमेकांशीच भांडत होते. मग हुकूम कोणाचा मानायचा?

यावर कोणी म्हणेल, अखेर जूनमध्ये किल्ला पडला तो तलवारीनेच. मान्य, नव्या किल्लेदारासह शिबंदी लढताना पडली आणि मोरोपंतांचे श्रेय उणे होत नाही. पण तोच किल्ला, तेच कडे, तीच भंडारगड-पळसगडची जोडशिखरे चार महिन्यांपूर्वी अभेद्य ठरली होती. डोंगर बदलला नव्हता; आटले होते ते पाठबळ. भारताची शांतिसेनाही श्रीलंकेतून २४ मार्च १९९० रोजी परतली ती यजमान सरकारलाच नकोशी झाल्यामुळे. दोन्ही प्रसंग सारखे नाहीत, हे उघड आहे. माहुलीच्या शिबंदीला परतीचे जहाज मिळाले नाही.