ओक्लाहोमा सिटीवरील धडाके

विमान ध्वनीहून अधिक वेगानें जाऊं लागलें म्हणजे हवेच्या लहरींना त्याच्यापुढें पळतां येत नाहीं. त्या एकवटतात आणि त्यांचा धक्का गडगडाटाच्या रूपानें भूमीवर आदळतो. हा धक्का ध्वनीचा वेग ओलांडतांना एकदांच बसतो, असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः तो वेग टिकेपर्यंत विमान त्याला जमिनीवर लोळणाऱ्या पदराप्रमाणें साऱ्या मुलखावरून ओढीत नेतें.

अमेरिकेला अशा वेगाचें उतारूंचें विमान बांधावयाचें होतें. लोक तो आवाज सोसतील काय, हें पाहण्याकरितां सरकारनें ओक्लाहोमा सिटी हें शहर निवडलें. तेथें हवाई दलाचा मोठा तळ; विमानांवर पोट भरणारीं घरें पुष्कळ. तेव्हां यजमान अनुकूलच होता म्हणावयाचा! ३ फेब्रुवारी १९६४ पासून सहा महिने, दिवसाला आठांपर्यंत, एकूण १,२५३ धडाके या शहरावर झाले. पहिल्या चौदा आठवड्यांत दोन उंच इमारतींच्या १४७ कांचा फुटल्या. शेवटीं विचारतां शेंकडा २७ लोकांनीं, हें कायमचें सोसणें अशक्य, असें सांगितलें. उरलेल्या ७३ जणांवरून समाधान मानणें सोपें होतें. पण विमानांच्या गांवींच ही गत, तर इतरत्र काय?

१९७१ सालीं काँग्रेसनें त्या विमानाचा पैसा बंद केला, आणि १९७३ सालीं नागरी विमानांना जमिनीवरून असा वेग घेण्याची मनाई झाली. इंग्रज-फ्रेंचांचें काँकॉर्ड १९७६ पासून २००३ पर्यंत उतारू नेत होतें, तें आपला खरा वेग बहुतेक समुद्रावरच दाखवी. २०२५ च्या जूनमध्यें ती मनाई उठविण्याचा आदेश अमेरिकेच्या अध्यक्षांनीं काढला. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत, धडाक्याऐवजीं हलका धप्प आवाज व्हावा अशा बेतानें घडविलेलें एक्स-५९ हें विमान प्रथम उडालें. तें वस्त्यांवरून नेऊन लोकांस पुन्हां विचारावयाचें, अशी नासाची योजना आहे.