ऐकू कमी येणं आणि विसरणं: कान आणि मेंदूचा काय संबंध?

आमचं गाव जळकोट, तुळजापूर तालुक्यातलं, सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचं. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला गेलो तेव्हा घरात सगळ्यांचं एकमत झालं होतं, आजीला आता विसर पडायला लागलाय. त्याच रात्री आईनं विचारलं, "गोळी खाल्ली का?" आजी म्हणाली, "खाल्ल्या की दोन." बीपीची गोळी! सगळे घाबरलो. नंतर कळलं, तिनं 'पोळी' ऐकलं होतं.

अण्णा मेंदूच्या डॉक्टरांची चौकशी करत होते. मी सॉफ्टवेअरवाला. प्रोग्रॅम चुकीचं उत्तर देतो तेव्हा आधी इनपुट बघायची सवय. सोलापुरात कान तपासले तर दोन्ही कानांची सरासरी 55 डेसिबलच्या आसपास. 20 च्या आत असेल तर सामान्य धरतात.

नेमकं काय बिघडतं?

कानाच्या आत शंखासारख्या भागात (कॉक्लिया) केसांसारखे तंतू असलेल्या सुमारे 15,000 पेशी असतात. त्या एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. वयानुसार उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी आधी जातात. स्वरांचा जोर खालच्या पट्टीत असतो, पण स, श, थ, फ ओळखू येतात ते वरच्या पट्टीमुळे. म्हणून म्हातारी माणसं म्हणतात, "आवाज येतो, पण बोललेलं कळत नाही." त्यात महामार्गावरचे ट्रक. बरं, ओरडून बोललं तरी उपयोग नाही, कारण अशा कानाला मोठा आवाज लगेच टोचतो.

मग मेंदू गाळलेल्या जागा भरत बसतो. सगळा प्रोसेसर शब्द ओळखण्यात गुंतला, की लक्षात ठेवायला काही उरत नाही, असं एक स्पष्टीकरण आहे. दुसरं म्हणजे माणूस गप्पांतून उठून जातो, एकटा पडतो. तिसरं, आवाज कमी पोचल्यानं मेंदूचे ते भागच आक्रसतात. आणि कदाचित रक्तवाहिन्यांचा बिघाड कान आणि मेंदू दोघांनाही एकाच वेळी पोखरत असेल. बहुधा हे सगळंच थोडं थोडं खरं आहे. शिवाय एक साधा घोळ: स्मरणशक्तीच्या चाचणीत 5 शब्द ऐकवून नंतर विचारतात. जे ऐकूच आलं नाही, ते आठवणार कसं?

नाकाचं गणित मात्र उलटं आहे. वास कमी येणं हे अल्झायमरचं सुरुवातीचं लक्षण असू शकतं, म्हणजे बिघाड आधी मेंदूत आणि मग नाकात.

पुरावा किती पक्का?

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या पुढाकारानं देशभर 'लासी' हा वृद्धत्वाचा अभ्यास चालतो. त्यातल्याच लोकांच्या पुढच्या तपासणीतून 60 वर्षांवरच्या भारतीयांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण 7.4 टक्के निघालं. 'लॅन्सेट' आयोगाच्या 2024 च्या अहवालानुसार टाळता येण्याजोगी 14 कारणं हाताळली तर जगातले सुमारे 45 टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतात. त्यात एकट्या श्रवणदोषाचा वाटा 7 टक्के. दृष्टिदोष या यादीत त्याच वर्षी आला, वाटा 2 टक्के.

पण श्रवणयंत्र लावलं की विसरणं थांबतं का? 2023 साली अमेरिकेत 70 ते 84 वयाच्या 977 जणांवरच्या 'अचीव्ह' चाचणीत तीन वर्षांनी एकूण गटात फरक दिसला नाही. ज्यांना आधीपासून धोका जास्त होता त्या गटात मात्र घसरण 48 टक्के कमी होती. म्हणजे हे हमखास औषध नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाही.

यंत्र घेताना

मी आधी ऑनलाइन स्वस्तातलं घेतलं. ती माझी चूक. ते फक्त अॅम्प्लिफायर होतं. आजीचं बोलणं आणि ट्रकचा हॉर्न, दोन्ही सारखंच वाढवायचं. खरं डिजिटल श्रवणयंत्र तपासणीच्या आलेखाप्रमाणे ज्या पट्टीत तूट आहे तिथेच जास्त वाढ देतं. हळू आवाज जास्त वाढवतं, मोठा आवाज कमी. तरीही सवय व्हायला काही आठवडे लागतात. आजीचं यंत्र दोन महिने डब्यातच होतं. मग रोज तासभर, तेही घरात दार लावून, अशी सुरुवात केली.

मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरच्यांना, कुटुंबाचं उत्पन्न 2 लाखांच्या आत असेल तर, अशा साधनांसाठी एकदा 3,000 रुपये खात्यात मिळतात. चांगल्या डिजिटल यंत्राला ते पुरत नाहीत, पण चष्म्याला पुरतात.

यंत्र रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवा. आमचं पहिल्याच उन्हाळ्यात घामानं बंद पडलं होतं.