लिनॅकच्या कप्प्यांची कुळकथा

कॅन्सरच्या रुग्णाला रेडिएशन देणाऱ्या लिनॅक यंत्राचं काळीज म्हणजे तांब्याच्या कप्प्यांची एक पोकळ माळ. पवईला आयआयटीच्या आवारातल्या ‘समीर’ संस्थेने हे यंत्र देशात घडवलं. अशा माळेत तोंडाचे कप्पे आखूड असतात आणि पुढचे सगळे अगदी एका मापाचे, साधारण 5 सेंटिमीटरचे. हा सारखेपणा मला फार सुंदर वाटतो, कारण या यंत्राच्या पूर्वजांत तो नव्हता.

1928 मध्ये नॉर्वेच्या रॉल्फ विडेरो यांनी सोडियम-पोटॅशियमच्या आयनांना नळीतून टप्प्याटप्प्याने धक्के देऊन दाखवले. आयन जड, वेग बेताचा. प्रत्येक धक्क्याने तो वाढतो, तेवढ्याच वेळात आयन जास्त अंतर कापतो, म्हणून या घराण्यात पुढची नळी मागचीपेक्षा लांब ठेवावी लागली.

इलेक्ट्रॉनचा मामला निराळा. त्याला 60 लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा दिली, तर न्यूटनच्या हिशेबाने तो प्रकाशाच्या जवळजवळ पाचपट वेगाने धावायला हवा. प्रत्यक्षात तो 99.7 टक्क्यांवर अडतो. 30 लाखांवरच त्याने 98.9 टक्के गाठलेले असतात! म्हणजे ऊर्जा दुप्पट केली, तरी वेगात टक्काभरही भर पडत नाही. ऊर्जा वाया मात्र जात नाही, कणाचा संवेग वाढत राहतो. आइन्स्टाइन यांनी 1905 साली मांडलेला विशेष सापेक्षतावाद तो हाच. कप्प्यांत इलेक्ट्रॉनला धक्के देणाऱ्या, सेकंदाला सुमारे 3 अब्ज वेळा हेलकावणाऱ्या मायक्रोवेव्ह लहरीची दिशा उलटायला जितका वेळ लागतो, तितक्यात असा इलेक्ट्रॉन 5 सेंटिमीटर जातो, पहिल्या धक्क्यांनंतर दर वेळी तेवढाच. मग कप्पे लांबवायचे कशाला?

एवढी जोरकस लहर मिळाली ती युद्धातल्या रडारमुळे. 1940 मध्ये बर्मिंगहॅमला रँडल आणि बूट यांनी अशी लहर निर्माण करणारा कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन बनवला, आणि 1953 मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात लिनॅकवर पहिले उपचार झाले.

आपल्याकडे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1977 साली मायक्रोवेव्ह उपकरणांचा खास विभाग निघाला आणि त्यातूनच 1984 मध्ये ‘समीर’ उभी राहिली. रडारची विद्या जाणणाऱ्या माणसांनी ती दवाखान्याकडे वळवली, याचं मला मोठं अप्रूप आहे. त्यांची यंत्रं चंडीगडच्या पीजीआयमध्ये बसली आणि पुढे सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयातही, जिथे विदर्भातल्या खेड्यापाड्यांतून रुग्ण येतात.