झीलकरी, गाभारा आणि पायाखालची पेटी

तालुक्याच्या गावी एखाद्या वाद्योपकरणाची वाट पाहिली जाते, या गोष्टीला सांस्कृतिक इतिहासात सहसा स्थान मिळत नाही. कळवणमध्ये सध्या अशी एक वाट पाहणे चालू आहे. आमच्या महाविद्यालयातील गिटार वाजवणारी काही मुले एका नव्या पेडलच्या प्रतीक्षेत आहेत. पेडल म्हणजे पायाने दाबायची, विटेएवढी एक पेटी. गिटारची वायर तिच्यात शिरते आणि तेथून अँप्लिफायरकडे जाते. या नव्या पेटीत डिले, रिव्हर्ब आणि लूपर या तिन्ही करामती एकत्र असणार आहेत, आणि तिची किंमत कांद्याच्या यंदाच्या भावाशी ताडून पाहिली जात आहे. डिले म्हणजे वाजवलेला स्वर ठरावीक अवधीनंतर पुन्हा ऐकवणे. रिव्हर्ब म्हणजे मोठ्या, बंदिस्त वास्तूत स्वर विरताना मागे राहणारी आस. लूपर म्हणजे वाजवलेला तुकडा साठवून तो फिरत ठेवणे, जेणेकरून वादकाला त्यावर स्वतःचीच साथ घेता यावी.

या प्रतीक्षेकडे तरुणाईची हौस म्हणून पाहणे सोपे आहे. परंतु या तीन करामतींचा मागोवा घेऊ लागलो, तेव्हा आमच्या ध्यानात आले की यांतील एकही नवी नाही. पेटी येण्यापूर्वी ही तिन्ही कामे माणसे करीत होती, जागा करीत होत्या. या पेटीचा इतिहास म्हणजे ती कामे माणसांच्या आणि जागांच्या हातून यंत्राकडे कशी गेली, याचा इतिहास होय.

प्रथम डिलेचा विचार करू. आपल्याकडे या कामाला नाव आहे : झील धरणे. शाहीर पोवाड्याची ओळ म्हणतो, तिचा शेवट त्याच्या मागे उभे असलेले झीलकरी उचलतात आणि ‘जी जी जी’ करीत तो लांबवतात. अफझलखानाच्या वधावरील अज्ञानदासाचा पोवाडा १६५९च्या घटनेवरचा, म्हणजे या परंपरेला साडेतीन शतकांहून अधिक काळ झाला. झील हा केवळ अलंकार नव्हे. त्या अवधीत शाहीर श्वास घेतो, पुढची ओळ आठवतो, समोरच्या गर्दीचा अंदाज घेतो. वारकरी कीर्तनात टाळकऱ्यांची रांग हेच करते. कीर्तनकाराचे चरण ती उचलते, आणि त्याला दम मिळतो. गळा एकाचा आणि दम अनेकांचा, अशी ही वाटणी आहे.

यंत्राने हे काम प्रथम टेपवर केले. टेपयंत्रात ध्वनी नोंदवणारे आणि ध्वनी वाचणारे अशी दोन हेड शेजारी असतात. फीत सेकंदाला १५ इंच या वेगाने धावत असेल आणि दोन हेडमध्ये २ इंचांचे अंतर असेल, तर नोंदवलेला स्वर सेकंदाच्या सातव्या-आठव्या हिश्शाने उशिरा वाचला जातो. मूळ आवाजात हा उशिराचा आवाज मिसळला की झील तयार. अमेरिकेतील मेम्फिस येथे सॅम फिलिप्स यांनी १९५४मध्ये एल्व्हिस प्रेस्लीच्या पहिल्या ध्वनिमुद्रणांना जो उसळता प्रतिध्वनी दिला, तो दोन टेपयंत्रांच्या अशाच जुळणीतून. पुढे फीत झिजण्याची अडचण टाळण्यासाठी १९६९मध्ये फिलिप्स कंपनीच्या सँग्स्टर आणि टीअर या संशोधकांनी एक निराळी युक्ती शोधली. ती समजून घ्यायला आपल्याकडचा स्लॅबचा दिवस आठवावा. मजुरांची रांग उभी असते आणि प्रत्येक जण घमेले पुढच्याच्या हाती देतो. या विद्युत्मंडलातही विद्युत्भार शेकडो घरांच्या रांगेतून असाच एकेक घर पुढे सरकतो, आणि रांग संपेपर्यंत जो वेळ लागतो तोच डिले. रांगेत थोडे काँक्रीट सांडते, तसा या प्रवासात आवाजाचा तीक्ष्णपणाही थोडा सांडतो. म्हणून अशा पेडलमधला प्रतिध्वनी किंचित मंद, ऊबदार वाटतो. १९८३मध्ये बॉस या जपानी कंपनीच्या डीडी-२ या छोट्या पेडलने आवाजाचे आकडे केले, आणि सांडणे जवळपास थांबले.

रिव्हर्बचा इतिहास माणसांपेक्षा जागांचा आहे. ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. गुराख्याने हाक मारली आणि समोरचा कडा १७० मीटरवर असला, तर हाक सुमारे एका सेकंदाने परत येते आणि स्वतंत्र ऐकू येते. हेच परावर्तन सेकंदाच्या साधारण विसाव्या हिश्शाच्या आत परतले, तर कान त्याला वेगळे धरीत नाही, मूळ स्वरातच मिसळून घेतो. दगडी गाभाऱ्यात म्हटलेला साधा श्लोकही भरदार वाटतो, त्याचे कारण हे आहे. भिंती जवळ असतात आणि दगड ध्वनी फारसा शोषत नाही. विजापूरच्या गोलघुमटात या दोन्ही गोष्टी एकत्र भेटतात. १६५६मध्ये पूर्ण झालेल्या, सुमारे ४४ मीटर व्यासाच्या त्या घुमटाखालच्या सज्जात कुजबुज भिंतीच्या कडेने समोरच्या बाजूला पोहोचते आणि टाळी अनेकदा परतते. तो अनुभव घ्यायला माणसाला विजापूरला जावे लागते. जागा आपल्याकडे येत नाही.

जागा आपल्याकडे आणण्याची धडपड मुंबईच्या चित्रपटसंगीतात स्पष्ट दिसते. १९४९च्या ‘महल’मधील ‘आयेगा आनेवाला’ या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाची हकिकत लता मंगेशकर यांनी सांगितली आहे. संगीतकार खेमचंद प्रकाश यांना आवाज दुरून जवळ येतो आहे असा परिणाम हवा होता, आणि तो देणारे यंत्र हाताशी नव्हते. मायक्रोफोन खोलीच्या मध्यभागी ठेवला गेला आणि लताबाई कोपऱ्यापासून गात गात त्याच्याकडे चालत आल्या. दूर असताना भिंतींवरून येणारा आवाज अधिक, जवळ येताच थेट गळ्याचा आवाज अधिक. आजच्या पेडलवरील ‘मिक्स’ नावाचा नॉब जे प्रमाण बदलतो, ते प्रमाण त्या दिवशी एका गायिकेच्या पावलांनी बदलले.

यंत्रांनी जागेची नक्कल पुढे स्प्रिंगा आणि पत्र्यांनी केली. लांब पल्ल्याच्या टेलिफोनवरील विलंबाची नक्कल करण्यासाठी बेल प्रयोगशाळेत घडलेली स्प्रिंगची कल्पना हॅमंड यांनी आपल्या ऑर्गनसाठी उचलली, आणि १९६१मध्ये फेंडर कंपनीने गिटारवादकांसाठी स्प्रिंग रिव्हर्बची स्वतंत्र पेटी काढली. १९५७मध्ये जर्मनीत ईएमटी-१४० हे यंत्र आले. त्यात पोलादाचा भला मोठा पत्रा टांगलेला असे आणि सगळ्याचे वजन पावणेतीनशे किलोंच्या आसपास भरे. १९६०च्या दशकाच्या आरंभी मानफ्रेट श्रोडर यांनी हे सारे गणिताने करता येईल असे दाखवून दिले. आज विटेएवढ्या पेटीत जो ‘हॉल’ आणि जी ‘प्लेट’ मिळते, तो त्या गणिताचा वारसा. तत्पूर्वी, १९७४च्या सुमारास, रोलँडच्या स्पेस एको आरई-२०१ने टेपचा डिले आणि स्प्रिंगचा रिव्हर्ब एकाच खोक्यात बसवले होते. मुले ज्या पेटीची वाट पाहत आहेत, तिची ही आजी म्हणायची.

उरला लूपर. तबल्याच्या स्वतंत्र वादनाला बसलेल्या श्रोत्याला तो न सांगता कळावा. तबलजी कायदे, रेले, गती उलगडत असतो आणि शेजारी हार्मोनियमवर वा सारंगीवर एक जण तोच लेहरा, तीच एका आवर्तनाची धून, तासभर फिरवत असतो. श्रोत्यांचे लक्ष त्याच्याकडे क्वचितच जाते, पण सम त्याच्याच हाती असते. आमच्या तालुक्यात याहून जुने उदाहरण आहे ते पावरीचे. भोपळा, बांबूच्या नळ्या आणि शिंग यांपासून केलेले हे कोकणा आणि भिल्ल समाजांचे सुषिर वाद्य. मार्गशीर्षातील डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात ते रात्र-रात्र वाजते आणि त्याच्याभोवती नाच फिरत राहतो. पावरकर गालात हवा साठवून फुंकतानाच नाकाने श्वास घेतो, त्यामुळे स्वर तुटत नाही. धून पुन्हा पुन्हा येते, पण दोन फेऱ्या तंतोतंत सारख्या नसतात. नाचणाऱ्यांचा वेग वाढला की पावरी बदलते, आणि ते थकले की तिला ते समजते.

यंत्रातील लूपचा एक धागा आपल्याच संगीताशी येऊन मिळतो. अमेरिकन संगीतकार टेरी रायली यांनी १९६३मध्ये पॅरिसमध्ये दोन टेपयंत्रांतून एकच फीत ओवून वादकाचा आवाज त्याच्यावरच पुन्हा पुन्हा परतवण्याचा प्रयोग केला. १९७०मध्ये ते किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ यांचे शिष्य झाले. याच घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेला स्थायिक झाले होते आणि तंबोऱ्यांचे गाव म्हणूनही मिरजच प्रसिद्ध आहे. फितीचे वर्तुळ करून सतत चालणारा स्वर शोधणारा माणूस अखेर तंबोऱ्याच्या चार तारांपाशी येऊन बसला, याला आम्ही निव्वळ योगायोग मानत नाही. १९९९मध्ये लाइन ६ कंपनीच्या डीएल-४ या पेडलने १४ सेकंदांचा लूप गिटारवादकाच्या पायाखाली आणला, २००१मध्ये बॉसच्या लूप स्टेशनने लूपलाच मुख्य काम केले, आणि एकट्या वादकाची मैफल ही गोष्ट जगभर रुळली.

येथवरचा हिशेब केवळ नफ्याचा दिसतो. तसा तो नाही. झीलकऱ्याला बिदागी होती, लेहरा धरणाऱ्याला होती. मुंबईच्या स्टुडिओंत एका गाण्यासाठी डझनांनी वादक बसत. सिंथेसायझर आणि संगणकावरील प्रोग्रामिंगमुळे १९९०च्या दशकात ती व्यवस्था कशी ओसरली, हे ग्रेगरी बूथ यांनी त्या वादकांच्याच तोंडून नोंदवले आहे. त्यांचे ‘बिहाइंड द कर्टन’ हे पुस्तक २००८चे. पेटी सोय आणते तेव्हा ती कोणाच्या तरी रोजगारातून आणते, हे विसरता येत नाही. आणि हा प्रश्न कळवणला दूरचा नाही. पावरीचा चार सेकंदांचा तुकडा लूपमध्ये साठवायला चारच सेकंद लागतात. त्यानंतर तो वरातीत, डीजेच्या भिंतीतून, ज्याने तो वाजवला त्याच्याविना, त्याच्या नावाविना आणि त्याच्या बिदागीविना कितीही वेळा वाजू शकतो.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. आमच्या गावात गिटार वाजवणाऱ्या मुलाला साथीदार मिळणे कठीण. जो बासवर बसेल, जो ड्रम धरेल, तो बारावीनंतर नाशिकला किंवा पुण्याला गेलेला असतो. मागे राहिलेल्याला पेटी निदान स्वतःची साथ देते. त्याची एकट्याची खोली तिच्यामुळे मोठी होते. ती त्याच्यापासून काढून घ्यावी असे म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही, तशी इच्छाही नाही.

म्हणून पेटी येईल तेव्हा तिला दोन गोष्टी विचाराव्यात, असे आम्ही मुलांना सुचवले आहे. पहिली : तिच्या लूपमध्ये आपले आवर्तन मावते काय? विलंबित एकतालाच्या १२ मात्रा, प्रत्येकी चार सेकंद धरल्या तरी ४८ सेकंद होतात. डीएल-४चे ते १४ सेकंद चार मात्रांनाही पुरत नव्हते. आजच्या पेट्यांत मिनिटांची सोय असते, म्हणजे निदान जागेची अडचण राहिलेली नाही. दुसरी : तिचा डिले पायाने ठोकून दिलेल्या लयीत चालतो, तर तो रूपकाच्या सात मात्रांत नीट बसवता येतो का? बहुतेक पेट्यांचे तयार विभाग चारच्या हिशेबाने आखलेले असतात. सात मात्रांचे आवर्तन त्यांच्याकडून करून घ्यायचे तर वादकालाच मोजत राहावे लागेल. ही मोजदाद ज्याला येईल, तो पेटीचा गिऱ्हाईक न राहता वादक होईल.

तिसरी गोष्ट पेटीला विचारण्याची नाही, आपण ठरवण्याची आहे. झीलकरी आणि लूपर यांतला फरक आवाजाच्या दर्जात नाही. पेटीचा आवाज पुष्कळदा अधिक स्वच्छ असेल. फरक असा की झीलकरी ऐकतो. शाहीर सुरातून घसरला तर तो सूर धरून ठेवतो, ओळ चुकली तर सावरतो, आणि पटले नाही तर गप्पही राहतो. पेटी चूकसुद्धा इमानाने परत म्हणते. तेव्हा पावरी लूपमध्ये घ्यायचीच असेल तर पावरकराला शेजारी बसवून घ्यावी, त्याचे नाव जाहीर करावे, त्याची बिदागी ठरवावी, आणि लूप फिरत असताना त्याला त्यावर पुन्हा वाजवू द्यावे. चार सेकंदांची त्याचीच धून ऐकून तो पुढे काय वाजवील, हे कोणत्याही पेटीत आधी भरून ठेवता येणार नाही. मुलांइतकीच आम्हालाही त्या पेडलची प्रतीक्षा आहे, ती हे ऐकण्यासाठी.