दीर्घकालीन कंबरदुखी आणि विद्युतचिकित्सा : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या कंबरदुखीस दीर्घकालीन कंबरदुखी असे म्हणतात. २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोक कंबरदुखीने ग्रस्त होते, असा जागतिक रोगभार अभ्यासाचा अंदाज आहे. यांपैकी बहुसंख्य रुग्णांत वेदनेचे नेमके शारीरिक कारण दाखविता येत नाही. शहादा तालुक्यातील लोणखेडा परिसरासारख्या ऊस, केळी व कापूस पिकविणाऱ्या प्रदेशात वाकून करावयाची कामे, ओझी वाहणे आणि ऊसतोडीसाठीचे हंगामी स्थलांतर यांमुळे हा प्रश्न थेट रोजगाराशी जोडलेला आहे. या दुखण्यावर 'शेक' किंवा 'करंट' या नावाने परिचित असलेले विद्युत उपचार कसे रूढ झाले व त्यांची उपयुक्तता कितपत सिद्ध झाली, याचा आढावा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

विद्युतचिकित्सेचा उगम :

वेदनेवर विजेचा उपयोग वीजनिर्मितीच्या शोधापेक्षा फार प्राचीन आहे. इ. स. पहिल्या शतकात रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस याने डोकेदुखी व संधिवाताच्या विकारावर विद्युत धक्का देणाऱ्या माशाचा स्पर्श सुचविला होता. १७९१ मध्ये गॅल्व्हानीने बेडकाच्या स्नायूंवरील प्रयोग प्रसिद्ध केले. १८०० मध्ये व्होल्टाने विद्युतघट जाहीर केला आणि १८३१ मध्ये फॅरडेने विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. 'गॅल्व्हानिक' व 'फॅरडिक' ही प्रवाहांची नावे याच शास्त्रज्ञांवरून पडली. १८५५ मध्ये फ्रान्समधील द्यूशेन याने शरीराच्या ठरावीक भागास विद्युतप्रवाह देण्याच्या पद्धतीवर ग्रंथ लिहिला. त्याचा मुख्य विषय स्नायूंचा पक्षाघात हा होता, कंबरदुखी नव्हे.

महाराष्ट्रातील भौतिकोपचार :

१९५३ मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने भौतिकोपचाराचे देशातील पहिले विद्यालय सुरू झाले. १९५५ मध्ये मुंबईतच हाजी अली येथे भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था उभी राहिली. पोलिओमुळे दुर्बळ झालेल्या मुलांचे पुनर्वसन ही त्या काळाची निकड होती. या शास्त्राच्या अभ्यासक्रमात व्यायामचिकित्सा आणि विद्युतचिकित्सा असे दोन प्रमुख विषय राहिले. पुढे १९९८ मध्ये नाशिक येथे स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातही ते कायम राहिले. मात्र रुग्णाच्या दृष्टीने या दोहोंत मोठा फरक आहे. व्यायाम रुग्णाला स्वतः करावा लागतो. यंत्राचा उपचार निजून घेता येतो. लोकमानसात भौतिकोपचार म्हणजे 'मशीन लावणे' हे समीकरण रूढ होण्यामागील कारण या फरकात शोधता येते.

सिद्धान्त आणि यंत्र :

१९६५ मध्ये मेलझॅक व वॉल यांनी वेदनेचा 'द्वार-नियंत्रण सिद्धान्त' मांडला. स्पर्शाचे संदेश वाहणारे जाड मज्जातंतू उद्दीपित केल्यास मज्जारज्जूतील वेदनासंदेशांचा मार्ग अंशतः बंद होतो, हे त्याचे सार होय. १९६७ मध्ये वॉल व स्वीट यांनी त्वचेत तीव्र दीर्घकालीन वेदना जाणवणाऱ्या ८ रुग्णांवर हा विचार पडताळला व त्यांना तात्पुरता आराम मिळाल्याचे नोंदविले. यातूनच त्वचेवर पट्ट्या लावून सौम्य प्रवाह देणारे 'टेन्स' यंत्र १९७० च्या दशकात प्रचारात आले. ते लहान, घटावर चालणारे व बहुतेकांसाठी निर्धोक असल्याने सर्वत्र पसरले. परंतु तात्पुरत्या वेदनाशमनाचा सिद्धान्त दीर्घकालीन कंबरदुखी बरी करण्याचा पुरावा ठरत नाही.

पुराव्याची कसोटी :

१९९० मध्ये अमेरिकेतील डेयो व सहकाऱ्यांनी दीर्घकालीन कंबरदुखीच्या १४५ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. काहींना खरे टेन्स, तर काहींना प्रवाह न देणारे दिखाऊ यंत्र दिले. दोन्ही गटांतील निम्म्या रुग्णांना व्यायामही शिकविला. महिन्याअखेर खऱ्या व दिखाऊ यंत्राच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही. व्यायाम करणाऱ्यांना मात्र अधिक आराम मिळाला. पुढील दोन महिन्यांत बहुतेकांनी व्यायाम सोडला आणि तो लाभही ओसरला. व्यायामात सातत्य नसेल तर त्याचा उपयोग टिकत नाही, हा या चाचणीचा तितकाच महत्त्वाचा धडा होय.

त्यानंतर २०१६ मध्ये ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने कंबरदुखीसाठी टेन्स, इंटरफेरेन्शियल प्रवाह व अल्ट्रासाउंड देऊ नये, असे मार्गदर्शन केले. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही टेन्स व अल्ट्रासाउंडचा नियमित वापर न करण्याची सूचना केली आणि आरोग्यशिक्षण, व्यायाम व मानसिक आधार यांवर भर दिला. या उपचारांनी कोणालाच क्षणिक आराम मिळत नाही, असा याचा अर्थ नव्हे. तथापि टिकाऊ लाभाचा भरवसा देण्याइतका पुरावा नाही.

ग्रामीण संदर्भ :

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात या निष्कर्षाला आर्थिक बाजूही आहे. सातपुड्यातील पाड्यावरून तालुक्याच्या गावी दहा दिवस शेक घेण्यास येणारा मजूर उपचारखर्चाबरोबर प्रवासभाडे आणि दहा दिवसांच्या मजुरीचा काही भागही गमावतो. याउलट, योग्य व्यायाम एकदा नीट शिकविल्यास तो घरी, विनाखर्च व विजेविना करता येतो. मात्र तो शिकविण्यासाठी आणि पुन्हा पाहण्यासाठी प्रशिक्षित व्यक्ती गावाजवळ असावी लागते. पाय बधिर होणे, अशक्तपणा येणे अथवा लघवी-शौचावरील ताबा जाणे ही लक्षणे असल्यास यंत्र वा व्यायाम यांवर न विसंबता तातडीने डॉक्टरांकडे जाणे आवश्यक ठरते.

समारोप :

विद्युतचिकित्सेचा इतिहास पाहता पक्षाघात व इतर वेदनांसाठी विकसित झालेली साधने कंबरदुखीस लागू झाली, आणि त्यांची काटेकोर परीक्षा मागाहून झाली, असे दिसते. तोवर यंत्रावरील विश्वास दृढ झाला होता. म्हणून ग्रामीण भागात नव्या यंत्रांपेक्षा व्यायाम शिकविणाऱ्या भौतिकोपचारतज्ज्ञांची उपलब्धता वाढविणे अधिक हिताचे आहे. कष्टकऱ्याच्या कंबरेचा प्रश्न हा त्याच्या उपजीविकेचाही प्रश्न असल्याने, त्याचा पैसा व वेळ पुराव्याने सिद्ध झालेल्या उपचारांवरच खर्च व्हावा, हे या आढाव्याचे सार होय.